मास्तरांचा तिसरा प्रश्न

अख्ख्या नेदरलँडमध्ये मनापासून काळजी करणारा माणूस एकच होता आणि तो आमच्या डोक्यावर राहायचा. डोक्यावर म्हणजे अगदी शब्दशः. आम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टलफेनमधल्या एका इमारतीत आमचा तिसरा मजला, त्यांचा चौथा. बाकीचे डच लोक समुद्राच्या पातळीखाली घरं बांधतात, खिडक्यांना पडदे लावत नाहीत, एवढ्याएवढ्या पोरांना भर पावसात सायकलवरून शाळेत पाठवतात आणि वर निवांत कॉफी पीत बसतात. या सगळ्या देशाच्या वाटची काळजी हा माणूस एकटा वाहत होता. राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "बंधारा फुटला तर पाणी आधी तुमच्याकडे येणार. तुम्ही वर आमच्याकडे याल ना? नाही, म्हणजे तशी एक गादी जास्तीची काढून ठेवतो." मी म्हटलं, "अहो, माझ्याखाली अजून तीन मजले आहेत." तर म्हणाले, "त्यांनाही विचारलंय. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, बघू." त्यानंतर चार दिवसांनी समजलं की हे गृहस्थ आमच्याच ऑफिसात, आमच्याच टीममध्ये रुजू होतायत. मी कपाळाला हात लावला.

मी आम्स्टरडॅमच्या झुइडास या ऑफिसांच्या भागात एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि माझ्या नवऱ्याच्या मते तेच काम मी घरी हौसेने करते. तो नोकरीला दूर फेल्डहोवनकडे. सोमवार ते शुक्रवार तिकडे आणि शनिवार-रविवार इकडे. तर हे वरचे गृहस्थ आमच्या टीमचे स्क्रम मास्टर म्हणून आले आणि आठवड्याभरात माझ्यासाठी 'मास्तर' झाले. ते मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, मी मात्र त्यांना अहो-जाहोच करत राहिले. स्क्रम मास्टर म्हणजे काय, हे मी माझ्या आईला फोनवर अनेकदा समजावलं आहे. ती विचारायची, "म्हणजे साहेब का?" साहेब नाहीत, ते कोणाला हुकूम देत नाहीत. "मग प्रोग्राम लिहितात?" तेही नाही. "मग दिवसभर करतात तरी काय?" मी म्हटलं, "काम करणाऱ्यांच्या वाटेत जे जे आडवं येईल ते बाजूला करतात. कोणाचं कशावरून अडलंय ते बघतात, भांडणं मिटवतात, सगळे वेळेवर जमतात ना ते पाहतात." आई म्हणाली, "हात्तिच्या! म्हणजे घरातल्या बाईचंच काम की!" हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांना अपमान वगैरे वाटला नाही, उलट त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

एवढी काळजी करणारा माणूस जगतो कसा, याचं उत्तर त्यांच्या या कामातच होतं. त्यांचं म्हणणं असं, की काळजी अख्खी कधी गिळू नये, तिचे तुकडे करावेत. एक भलंमोठं सॉफ्टवेअर दीड वर्षात बनवायचं म्हटलं की सगळ्यांच्या छातीत धडकी भरते. मग करायच्या सगळ्या गोष्टींची एक लांबलचक यादी काढायची, त्यातल्या दोन आठवड्यांत पुऱ्या होतील एवढ्याच उचलायच्या, बाकीच्या यादीकडे पाठ फिरवायची. दोन आठवडे झाले की जे बनलं ते ज्यांच्यासाठी बनवलं त्यांना दाखवायचं, आपलं काय चुकलं ते एकमेकांना सांगायचं, आणि पुढचे दोन आठवडे घ्यायचे. या दोन आठवड्यांना स्प्रिंट म्हणतात. "हे बघ," मास्तर मला ट्राममध्ये सांगायचे, "दीड वर्षानंतर काय होईल ते देवाला माहीत. पण दोन आठवड्यांची काळजी माणूस करू शकतो. तेवढी झेपते." हे सांगताना ते दर मिनिटाला मागे वळून आपली सायकल स्टॉपवर दिसतेय का ते बघत. तिला दोन कुलपं होतीच, शिवाय ती नीट लावल्याचा रोज सकाळी फोटो काढलेला असायचा.

ऑफिसात रोज सव्वानऊला आम्ही खिडकीशी गोल करून उभे राहायचो. उभंच राहायचं, म्हणजे बोलणं लांबत नाही. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: काल काय केलं, आज काय करणार, आणि अडथळा काय. ज्याच्या हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा मास्तरांचा नियम. दुसरीकडे लोक त्यासाठी चेंडू वगैरे वापरतात. मास्तरांनी घरातून ताक घुसळायची लाकडी रवी आणली. आमच्या टीममधला येरून नावाचा सव्वासहा फुटी डच प्रोग्रामर ती हातात धरून रोज कसलं तरी वाद्य असल्यासारखी फिरवायचा. पंधरा मिनिटं झाली की मास्तरांच्या मोबाइलमधून कुकरची शिट्टी वाजायची. पहिल्या दिवशी येरून टेबलाखाली जायच्या बेतात होता. पण गंमत म्हणजे ती पंधरा मिनिटं चुकायची नाहीत, आणि तिसऱ्या प्रश्नावर मास्तर ज्या काकुळतीने समोरच्याकडे बघायचे, ते बघून अडथळा नसलेला माणूससुद्धा एखादा शोधून सांगायचा. मी एकदा सहज म्हटलं की खिडकीतून ऊन डोळ्यावर येतं. दुपारपर्यंत माझं टेबल फिरवलेलं होतं.

त्यांचं एकाच गोष्टीशी वैर होतं, प्रश्नचिन्हाशी. त्याचं असं, की एखादं काम हातात घेण्याआधी ते केवढं आहे याचा अंदाज आम्ही पत्त्यांनी काढायचो. पत्त्यांवर आकडे असतात, एक, दोन, तीन, पाच, आठ, असे वाढत वाढत शंभरपर्यंत. काम जितकं मोठं वाटेल तेवढा आकडा निवडायचा, पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा, म्हणजे कोणी कोणाचं बघून ठरवत नाही. मग सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा आकडा टाकणाऱ्याने आपलं कारण सांगायचं. त्या पत्त्यांत एक पत्ता प्रश्नचिन्हाचाही असतो. म्हणजे मला काहीच अंदाज नाही. येरूनने एकदा तो टाकला आणि मास्तरांचा चेहरा उतरला. "चुकीचा आकडा टाक, चालेल," ते त्याला कळवळून म्हणाले, "पण हे नको. हे बघितलं की मला रात्री झोप नाही." त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या जोडांमधले प्रश्नचिन्हाचे पत्ते काढले, रबरबँड लावला आणि घरी नेऊन ठेवले.

घरीही हाच कारभार. मास्तरांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी, मास्तर आणि बारा वर्षांची मुक्ता अशी ती तिघांची टीम. फ्रिजच्या दारावर तीन रकाने आखलेले: करायचं, चालू आहे, झालं. त्यात पिवळ्या चिठ्ठ्या. काय करायचं आणि आधी काय करायचं हे ठरवणारा जो असतो त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात, आणि तो मान मास्तरांनी वहिनींना दिला होता. वहिनी मला म्हणाल्या, "अगं, लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यापासून हे असंच आहे. यांनी फक्त त्याला इंग्रजी नाव शोधून काढलं." 'चालू आहे'मध्ये माणशी दोनच चिठ्ठ्या, हा नियम. त्यावरून एकदा त्यांनी कणीक मळणाऱ्या वहिनींना, कुकर लावलेला असताना, आईचा फोन घेऊ दिला नाही. "मग कुकरला सांगा थांब म्हणून!" वहिनी कडाडल्या. भाजी 'झाली' म्हणजे नेमकी केव्हा, यावर तर एक अख्खी रविवार सकाळ खर्ची पडली. शेवटी असं ठरलं, की ओटा पुसून फडका वाळत घातल्याशिवाय भाजी झाली म्हणायचं नाही. आणि तीन दिवस जागची न हललेली चिठ्ठी म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलंय. तिच्यावर रोज एक लाल खूण करायची. लाल खुणेसाठी वहिनींच्या टिकल्यांचं पाकीट होतं. हे टिकल्या लावायचं खातं मुक्ताकडे.

मी वर दर एक शुक्रवार आड जेवायला असायचे, कारण नवऱ्याची गाडी उशिरा पोचायची. जेवण झालं की भडंगाची परात मधे ठेवून त्या दोन आठवड्यांत काय बरं झालं, काय बिनसलं, पुढे काय बदलायचं हे प्रत्येकाने सांगायचं. पाहुण्यांना सूट नाही. मला आठवतं, मी एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'भरीत उत्तम, चर्चा लांबली.' मास्तरांनी पुढच्या वेळी चर्चा खरोखर दहा मिनिटांनी कमी केली. मी हसायचे खूप, पण घरी यायला जिना उतरताना मनात यायचं, आपल्याला असं कोणी विचारतं का? मुक्ता या सगळ्यात तरबेज. पण पोरीचं मराठी ऐकण्यापुरतं. आईबाबा मराठीत विचारणार, ही इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर देणार.

आणि मग त्या फेब्रुवारीत ऑफिसात सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. वरच्या साहेबाने पडद्यावर कंपनीतल्या पदांचे चौकोन दाखवले, जुने चौकोन आणि नवे चौकोन. नव्या चौकोनांत स्क्रम मास्टर नव्हते. टीम आता तयार झाल्या आहेत, त्या आपलं आपण बघतील, असं साहेब म्हणाला. आणि पुढे त्याने एक वाक्य जोडलं. तो म्हणाला, चांगल्या स्क्रम मास्टरचं काम हेच, की एक दिवस त्याची गरज उरू नये. हे वाक्य मास्तरांचं होतं. ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे, अगदी अभिमानाने. मी वळून पाहिलं. मास्तर मान डोलवत होते, शिकवलेला धडा कोणी बरोबर म्हणून दाखवला की डोलवतात तशी.

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी सायकल दिसतेय का ते एकदाही पाहिलं नाही. मे अखेरपर्यंत नोकरी. आमचा इथला परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तीन महिन्यांत तसली दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. कायमचं राहायचा अर्ज करायला पाच वर्षं लागतात, आणि मास्तरांची पाच वर्षं भरायला आठ महिने कमी होते. त्यात मुक्ताचं प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. कुठल्या मोठ्या शाळेत जायचं ते मार्चमध्ये ठरणार होतं आणि तिला तिच्या दोन मैत्रिणींच्याच शाळेत जायचं होतं. "घरी बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "पोरीचं शाळेचं ठरू दे. तोवर मी काहीतरी बघतो. तू कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाहीस, नवऱ्यालासुद्धा नाही. शपथ आहे." मी म्हटलं, "मास्तर, अहो, वहिनींना तरी..." तर म्हणाले, "तिला झोप लागणार नाही. काळजी करायला घरात एक माणूस पुरे." आणि मी मूर्खासारखी शपथ घेतली.

पुढचे पाच आठवडे माझे मलाच माहीत कसे गेले. रोज सकाळी पावणेआठला मी त्यांना घ्यायला वर जायचे तेव्हा फ्रिजसमोर त्यांची घरची तीन माणसांची सभा चालू असायची. वहिनी सांगायच्या, मुक्ता सांगायची, आणि मग मास्तर टाय नीट करत म्हणायचे, "काल ऑफिस, आज ऑफिस, अडथळा नाही." हे वाक्य ऐकलं की मी दारात वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला लागायचे. ज्या माणसाने आम्हाला शिकवलं की अडथळा लपवला की तो सगळ्यांचा होतो, तोच रोज सकाळी बायकोपोरीच्या तोंडावर सांगत होता की काही नाही. मी वहिनींच्या नजरेला नजर देईनाशी झाले. त्या म्हणायच्या, "अगं, तुझं तोंड का उतरलंय?" मी म्हणायचे, "पित्त." पाच आठवडे पित्त! संध्याकाळी वर मास्तरांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. लाकडी जमीन, एक एक पाऊल माझ्या डोक्यात पडायचं. बाथरूमपासून गॅलरीपर्यंत चौदा, वळून पुन्हा चौदा. ते थांबले की मला जास्त भीती वाटायची. शिवाय माझंही मन खायला उठलेलं. आज स्क्रम मास्टर गेले, उद्या टेस्टर जाणार नाहीत कशावरून? फोन वाजला तरी मी दचकायचे.

मास्तर चोरून अर्ज करत होते. ट्राममध्ये मला उत्तरं दाखवायचे. सगळी उत्तरं फार सभ्य, आणि सगळ्यांचा अर्थ नाही. ज्या त्या कंपनीने एकदमच शोध लावला होता की टीम आपलं आपण बघतात. एके दिवशी म्हणाले, "पुण्याची तिकिटं काढायची आहेत उन्हाळ्याची. ती मागे लागलीये. पण मला एक कळत नाही." मी म्हटलं, "काय?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परतीचं काढू की नको?"  मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत बसले.

फ्रिजवर ती चिठ्ठी होती, 'बाबा: पुण्याची तिकिटं', 'चालू आहे'च्या रकान्यात. मास्तर सगळ्या जगाच्या चिठ्ठ्या हलवायचे आणि स्वतःच्या या एका चिठ्ठीवर रोज एक टिकली चढतेय हे त्यांना दिसत नव्हतं, किंवा बघवत नव्हतं. मुक्ता मात्र नेमाने लावत होती. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मी वर गेले तेव्हा त्या चिठ्ठीवरचं एकही अक्षर दिसत नव्हतं, नुसती लाल झाली होती. मुक्ताला हवी ती शाळा मिळाल्याचं पत्र त्याच दिवशी आलं होतं, मैत्रिणीही त्याच शाळेत, म्हणून वहिनींनी श्रीखंड केलं होतं. मास्तरांनी दोन वाट्या खाल्लं आणि डोळे पुसले. आम्ही भडंग घेऊन बसलो.

वहिनी आधी बोलल्या. "काय बिनसलं ते सांगते. माझं टिकल्यांचं पाकीट संपलं." मास्तर हसले. वहिनी हसल्या नाहीत. मग मुक्ता उठली, फ्रिजपाशी गेली आणि ती लाल चिठ्ठी काढून तिने मास्तरांसमोर ठेवली. पहिल्यांदा ती इंग्रजीत काहीतरी बोलायला गेली, थांबली, आणि एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "बाबा, तुझा अडथळा काय आहे?"

मी खरं सांगते, इतक्या वर्षांत मी मास्तरांना हा प्रश्न कोणी विचारलेला ऐकला नव्हता. आम्ही ऑफिसात रोज उत्तरं द्यायचो, त्यांना उलट विचारायचं कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. मास्तरांनी चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भडंगातले शेंगदाणे वेगळे काढत म्हणाले, "माझी नोकरी जाणार आहे. मे महिन्यात. आणि मला भीती वाटते." मग सगळं बोलले, परवाना, तीन महिने, आलेले नकार. बोलून झाल्यावर त्यांनी खाली मान घातली. मी वहिनींकडे बघायची हिंमत करून पाहिलं तर त्या तोंडाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून रडत होत्या. "नोकरीच ना?" त्या म्हणाल्या. "नक्की नोकरीच ना? अहो, मला वाटलं तुम्हाला काहीतरी झालंय. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही लपवताय. पाच आठवडे मी तुमच्या खिशातून औषधांच्या चिठ्ठ्या शोधतेय हो!" मग माझ्याकडे वळून, "आणि तुला माहीत होतं? पित्त काय, पित्त?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना काळजी नको म्हणून केलेल्या लपवाछपवीत त्या बाईने आमच्या दोघांच्या वरताण काळजी केली होती.

रडून झाल्यावर वहिनींनी नाक पुसलं आणि खणातून घरचे आकड्यांचे पत्ते काढले. त्या प्रॉडक्ट ओनर होत्या, पुढचं काम त्याच ठरवणार. "परत पुण्याला जायचं, हे काम केवढं आहे? टाका पत्ते," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला तर मुक्ताने अडवलं, "नो, मावशी. फक्त काम करणारे." तिघांनी पालथे पत्ते ठेवले आणि एकदम उलटले. वहिनींचा आठ. मुक्ताचा शंभर. आणि मास्तरांनी खणातली ती रबरबँड लावलेली गड्डी कधी सोडली कोण जाणे, त्यांचं प्रश्नचिन्ह. बराच वेळ ते त्या पत्त्याकडेच बघत होते. "मला खरंच माहीत नाही गं," ते वहिनींना म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मग टाका ना तसं! आम्ही काय मारणार होतो तुम्हाला?" आपल्या आठाचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं, येताना एकदा केलंय, जाताना सोपं असेल. मुक्ताने शंभराचं कारण सांगितलं, "शंभराच्या वर पत्ताच नाही." आणि तिचे डोळे भरले. मग तीच डोळे पुसत इंग्रजीत म्हणाली, एवढं मोठं काम कोणी घेतच नाही बाबा, आपण त्याचे तुकडे करू ना. आता मात्र मास्तर मोठ्याने रडले. मीही रडले, कबूल करते.

मग त्या ओल्या भडंगाभोवती बसून आम्ही तुकडे केले. एक चिठ्ठी परवान्याच्या नियमांची, एक पुण्याच्या शाळांची चौकशी करायची, एक परतीच्या तिकिटासकट तिकिटं काढायची, लागलं तर रद्द करता येतील अशी. आणि एक चिठ्ठी वहिनींनी माझ्या हातात कोंबली, 'सगळ्यांना सांगणे'. मी खाली आले, नवरा नुकताच पोचला होता, बॅगही खाली ठेवू दिली नाही आणि सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "पाच आठवडे तू गप्प बसलीस? तू?" मग म्हणाला, "अगं, आमच्या तिकडे फेल्डहोवनला यंत्रांचे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, ते दोन महिने असाच माणूस शोधतायत. कोणाचं कशावरून अडलंय ते बघणारा. आधी का नाही बोललात?" 

तीन मुलाखती झाल्या. त्या काळात वरच्या येरझाऱ्यांत दुसरी पावलं मिसळली होती, कधी वहिनींची, कधी मुक्ताची. मे महिन्यात कामाचं पक्कं पत्र आलं, परवाना टिकला. तिथे स्क्रम मास्टर असा शब्द नाही, स्प्रिंट नाही, पत्ते नाहीत. लोखंडी सुटे भाग नीट वेळेवर आले की नाही ते बघायचं. पण घर फेल्डहोवनला हलवावं लागलं, म्हणजे मुक्ताची शाळाही गेली आणि मैत्रिणीही. तिच्या शंभरातले निम्मे तरी खरे झालेच. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी रवी गोल फिरून येरूनपाशी आली, तर त्याने ती मास्तरांच्या हातात दिली आणि आपल्या त्या डच सरळपणाने विचारलं, "आणि तुझा अडथळा?" मास्तर काही म्हणणार तेवढ्यात कुकरची शिट्टी वाजली. रवी ते आमच्याकडेच ठेवून गेले.

आता मी दर रविवारी फोन करते आणि तिसरा प्रश्न पहिला विचारते. "आहे ना!" मास्तर उत्साहाने म्हणतात आणि सुरू होतात. एक सुटा भाग सीमेपलीकडे अडकलाय, मुक्ताच्या शाळेच्या वाटेवरचा सायकलरस्ता झाडीतून जातो, वहिनींनी डच शिकवणीत नाव घातलंय आणि आता त्या घरात डचमधून रागावतील. सगळं भडाभडा सांगतात. मागून वहिनी ओरडतात, "तिलाही बोलू द्या हो!" परवा फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आमच्या घरात आता कोण आलंय गं?" मी म्हटलं, एक डच जोडपं आहे, तरुण, त्यांची चाहूलही लागत नाही. मास्तरांनी लगेच विचारलं, "बंधारा फुटला तर ते तुला वर घेतील ना? विचारलंस?"

मी म्हटलं, विचारते. फोन ठेवल्यावर आमच्या फ्रिजवर एक चिठ्ठी लावली, 'वरच्यांना गादीचं विचारणे'. त्याला तीन आठवडे झाले. नवरा दर शनिवारी-रविवारी हसतो आणि एकेक टिकली लावतो. तो म्हणतो, एक जिना चढून जायला कितीसा वेळ लागतो? वेळ नाही लागत. पण वर जाऊन बेल वाजवली की दार दुसरंच कोणीतरी उघडेल, म्हणून माझी ती चिठ्ठी हलत नाही.